हसू आधी पडद्यावर, मग तोंडात

दातांच्या कॉस्मेटिक उपचारांआधी ‘नंतर कसं दिसेल’ ते बघायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कॉम्प्युटर येतो. आमच्या दवाखान्यात सुरुवात होते ती शेड गाइडने, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुना-पट्ट्यांनी. गाल-ओठ बाजूला धरणारा रिट्रॅक्टर लावून तोंड काही मिनिटं उघडं राहिलं की एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, वाळतं आणि दात आहेत त्यापेक्षा पांढरे, खडूसारखे दिसायला लागतात. मूळ रंग परत यायला काही तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो. म्हणून फोटो, स्कॅन, पॉलिशिंग यांतलं काहीही सुरू व्हायच्या आधी, दात ओले असतानाच रंग बघायचा. व्हिटा क्लासिकल या शेड गाइडच्या १६ शेडमधल्या जवळच्या दोन-तीन पट्ट्या दाताच्या रेषेतच धरायच्या. पट्टी दातापुढे आली तर ती उजळ दिसते आणि मागे गेली तर काळपट. पट्टीवरचं नाव वाचता येईल असा एक फोटो लगेच काढून ठेवायचा. शेवटी दात बनवणाऱ्या लॅबमध्ये रंगावरून शंका आली की हाच फोटो कामाला येतो.

त्यानंतर बाकीचे फोटो. पुढच्या सगळ्या कामाचा पाया हाच आणि घोळही बहुतेक इथेच होतात. चेहऱ्याच्या फोटोसाठी ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स आणि साधारण दीड मीटर अंतर लागतं. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत जे पुढे आहे ते मोठं होतं: नाक, ओठ आणि वरचे मधले दोन दात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीत असं दिसलं, की सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा तळ चेहऱ्याच्या मानाने जवळपास ३० टक्के जास्त रुंद दिसतो आणि दीड मीटरवरून हा फरक जवळजवळ उरत नाही. दातांचंही तसंच. सेल्फीवर डिझाइन केलं तर मधले दात विनाकारण मोठे वाटून ते लहान करायचा मोह होतो आणि कडेचे दात आहेत त्याहून आत गेल्यासारखे दिसतात.

दुसरी चूक मानेची. डोकं सरळ आणि कॅमेरा ओठांच्या पातळीवर हवा. हनुवटी वर उचललेली असेल तर दातांच्या कडांची कमान सपाट दिसते, कधी उलटीसुद्धा. हनुवटी खाली गेली की तीच कमान जास्त खोल दिसते. दात तेच असतात. अशा फोटोवर बसून कोणी ‘कमान सपाट आहे, मधले दात लांब करू’ म्हणालं, तर उपाय खरा आणि आजार खोटा असा प्रकार होतो.

आम्ही कमीत कमी एवढे फोटो घेतो: ओठ सैल सोडलेला चेहरा, मोकळं हसू, रिट्रॅक्टर लावून दात थोडे उघडे, रिट्रॅक्टर लावून दात मिटलेले, एका बाजूचा चेहरा आणि डोक्याच्या मागून खाली बघत काढलेला खालच्या ओठाचा व दातांच्या कडांचा फोटो. तोंडातल्या फोटोंसाठी मॅक्रो लेन्स, रिंग किंवा दुहेरी फ्लॅश आणि एफ २२ च्या आसपासचं अ‍ॅपर्चर, म्हणजे पुढच्या दातांपासून उपदाढांपर्यंत सगळं स्पष्ट येतं. रिट्रॅक्टरचा फोटो हसऱ्या फोटोच्याच कोनातून हवा, कारण पुढे हे दोन एकमेकांवर बसवायचे असतात. माणूस जागचा हलता कामा नये. रिट्रॅक्टर लावायचा, क्लिक करायचं, काढायचा, पुन्हा क्लिक करायचं.

फोटोला हसा म्हटलं की माणूस बेताचं हसतो, विशेषतः ज्याला आपल्या दातांची लाज वाटते तो. वर्षानुवर्षं ओठ मिटून हसायची सवय झालेली असते. म्हणून व्हिडिओ घेतोच. गप्पा मारताना, खरोखर हसू आल्यावर वरचा ओठ किती वर जातो ते त्यात पकडता येतं आणि बेतलेल्या हसण्यात न दिसलेली हिरडी इथे दोन-तीन मिलिमीटर दिसते. त्याच व्हिडिओत थोडं बोलायला लावतो. ‘मामा’ म्हणून ओठ सैल सोडायचे, म्हणजे आरामात असताना वरचे दात किती दिसतात ते कळतं. ‘वावर’, ‘विहीर’ म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते ते बघायचं. ती ओठाच्या ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर टेकायला हवी, बाहेरच्या कोरड्या भागावर नाही. ‘स’साठी एकसष्ट ते एकोणसत्तर मोजायला सांगतो. तेव्हा वरच्या-खालच्या दातांमध्ये जेमतेम एक-दीड मिलिमीटर जागा राहते. नवे दात ही जागा खाणार असतील तर ते आत्ताच समजलेलं बरं.

मग इंट्राओरल स्कॅन, म्हणजे तोंडात छोटा स्कॅनर फिरवून घेतलेलं दातांचं त्रिमितीय चित्र. वरचा जबडा, खालचा जबडा आणि दोन्ही मिटलेले असताना बाजूचा स्कॅन. काही ठिकाणी हा टप्पा गाळून फक्त फोटोवरच डिझाइन दाखवतात. पहिल्या गप्पांपुरतं ते ठीक आहे, पण त्यावरून होकार देऊ नये. फोटोला जाडी नसते. दात किती पुढे आलाय, मागे किती गेलाय, चावताना खालचा दात कुठे आदळतो, यातलं काहीही फोटो सांगत नाही.

आता कॉम्प्युटर. ब्राझीलचे दंतवैद्य ख्रिस्तियन कोचमन यांनी डिजिटल स्माइल डिझाइनची जी पद्धत रूढ केली, ती सुरुवातीला कीनोट-पॉवरपॉइंटसारख्या साध्या स्लाइडच्या सॉफ्टवेअरवरच चालायची. आज एक्सोकॅड, थ्रीशेप, स्माइलक्लाउड असे सॉफ्टवेअरचे बरेच पर्याय आहेत, पण पायऱ्या बदललेल्या नाहीत. बुबुळांना जोडणारी आडवी रेष, भुवयांच्या मधून वरच्या ओठावरच्या खळीतून हनुवटीपर्यंत जाणारी उभी रेष, खालच्या ओठाची कमान. चेहरे सरळसोट नसतात. एक डोळा किंचित खाली असतो, नाक एका अंगाला झुकलेलं असतं. तेव्हा कोणती रेष प्रमाण मानायची हे डोळ्यांनी आणि अनुभवाने ठरवावं लागतं, सॉफ्टवेअर ते ठरवत नाही. मधली रेष थोडी सरकली म्हणून घाबरायचं कारण नाही. १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दातांची मधली रेष ४ मिलिमीटर सरकलेली असूनही सामान्य माणसांच्या लक्षात आली नव्हती, पण पुढचे दात तिरके झुकलेले असतील तर २ मिलिमीटरसुद्धा सगळ्यांना खटकले होते. रेष बाजूला असली तरी उभी हवी.

यानंतरची पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच वगळली जाते: फोटोला माप देणं. स्कॅनवर मधल्या दाताची रुंदी मोजायची, समजा ८.५ मिलिमीटर, आणि फोटोतल्या त्याच दाताच्या रुंदीला ८.५ असं नाव द्यायचं. यासाठी निवडलेला दात वळलेला नसावा. २० अंश वळलेला ८.५ मिलिमीटरचा दात समोरून सुमारे ८ मिलिमीटर दिसतो. त्याला ८.५ म्हटलं की अख्ख्या फोटोची फूटपट्टी ६ टक्क्यांनी फसवी होते. पडद्यावर ‘१०.५’ लिहून येणारा दात मग प्रत्यक्षात ९.९ मिलिमीटरचा असतो. पुढच्या दातांत अर्धा मिलिमीटर आरशात सहज दिसतो, बोलताना जिभेला त्याहून आधी लागतो. फोटो आणि स्कॅन एकमेकांवर बसवतानाही हीच काळजी. सुळ्यांची टोकं आणि मधल्या दातांचे कोपरे हे बिंदू जुळवायचे आणि नंतर दाढांकडे बघायचं. तिथे बाह्यरेषा सुटलेली दिसली तर जुळणी चुकली आहे, पुन्हा करायची.

दातांचा आकार काढताना वरच्या मधल्या दाताची रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के ठेवतात, हे गणित बहुतेकांना मानवतं. ८.५ मिलिमीटर रुंदीला साधारण १०.६ ते ११.३ मिलिमीटर लांबी. सुवर्णगुणोत्तराची (सुमारे १.६ ला १ या प्रमाणाची) जाळी मात्र आम्ही वापरत नाही. १९९३ मध्ये प्रेस्टन यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा मधला दात आणि शेजारचा दात यांच्यात ते गुणोत्तर फक्त १७ टक्के लोकांत सापडलं. जे बहुतेक सुंदर हसण्यांतच नाही, ते कोणाच्या तोंडावर लादायचं कशाला?

इथे एक उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. झिजलेला मधला दात, रुंदी ८.५, लांबी ९.३. प्रमाण ९१ टक्के, म्हणजे चौकोनी आणि आखूड. लांबी १०.८ केली की प्रमाण ७९ टक्क्यांवर येतं. पडद्यावर हे दीड मिलिमीटर एका ओढीत वाढतात आणि चित्र छान दिसतं. पण वाढवायचे कुठे, खाली कडेकडे की वर हिरडीकडे? उत्तर ‘मामा’ म्हणतानाच्या त्या व्हिडिओत असतं. ओठ सैल असताना दात १ मिलिमीटरच दिसत असेल तर कडेला दीड वाढवून अडीच होतो, उत्तम. आधीच साडेतीन दिसत असेल तर पाच होईल आणि खालचा ओठ दाताला अडेल. मग हिरडी वर न्यावी लागेल. वयाचाही विचार हवा. १९७८ च्या मोजमापांत तिशीच्या आतल्या लोकांचे वरचे दात ओठ सैल असताना सरासरी सुमारे ३.४ मिलिमीटर दिसत होते आणि साठीनंतर जवळजवळ दिसतच नव्हते. साठीतल्या माणसाला विशीतलं दाखवायचं का, हा प्रश्न सरळ विचारावा आणि उत्तर त्याचं त्याने द्यावं.

हिरडी वर नेणं हे पडद्यावर गुलाबी रंग पुसण्याइतकं सोपं असतं, तोंडात ते हाडावर अवलंबून असतं. हाडाच्या कडेपासून हिरडीच्या कडेपर्यंत शरीर सुमारे ३ मिलिमीटर जागा राखतं. त्यातले सरासरी २.०४ मिलिमीटर ऊती दाताला चिकटलेल्या असतात, हे माप १९६१ पासून पाठ्यपुस्तकांत आहे. ती जागा हिरावून घेतली की हिरडी एक तर लाल, सुजलेली राहते किंवा परत खाली येते. म्हणून भूल देऊन प्रोबने, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या बारीक सळईने, हाड कुठे आहे ते मोजावं लागतं. एनॅमल हिरडीखाली झाकलेलं असेल आणि हाड पुरेसं लांब असेल तर हिरडी कापून भागतं. नसेल तर हाडालाही आकार द्यावा लागतो आणि पुढच्या दातांत हिरडी स्थिरावायला काही महिने थांबावं लागतं. चित्र एकच, उपचार दोन. हे चित्र दाखवतानाच सांगायला हवं, नंतर नाही.

दातांमधल्या काळ्या त्रिकोणांचंही तसंच. सॉफ्टवेअर तिथे गुलाबी टोक भरून टाकतं. तोंडात ते टोक राहील की नाही, हे दात एकमेकांना जिथे टेकतात तिथपासून हाडापर्यंतच्या अंतरावर ठरतं. टार्नो आणि सहकाऱ्यांच्या १९९२ च्या निरीक्षणांत हे अंतर ५ मिलिमीटर असताना ९८ टक्के ठिकाणी जागा हिरडीने पूर्ण भरलेली होती. ६ मिलिमीटरला ५६ आणि ७ ला फक्त २७ टक्के. हिरडीच्या आजाराने हाड झिजलेलं असेल तर तो त्रिकोण हिरडीने भरेल अशी आशा दाखवू नये. दातांचा आकार रुंद करून टेकण्याची जागा वर नेता येते, पण मग दात चौकोनी दिसतात. तो सौदा पडद्यावरच करून दाखवावा. अलाइनरच्या (दात सरकवणाऱ्या पारदर्शक साच्यांच्या) सिम्युलेशनमध्येही हिरडी अंदाजाने रंगवलेली असते, तेव्हा वाकडे दात सरळ झाल्यावर त्रिकोण उघडे पडण्याची शक्यता तिथे वेगळी विचारून घ्यावी.

रंगाच्या बाबतीत पडदा सर्वांत कमी विश्वासाचा. सॉफ्टवेअरमधल्या तयार दातांचे नमुने उजळ असतात आणि प्रत्येक पडदा वेगळा पांढरा दाखवतो. त्यात रूट कॅनाल होऊन काळवंडलेला एखादा दात असेल तर ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या पातळ व्हिनिअरमधून, म्हणजे दातावर चिकटवायच्या सिरॅमिकच्या पापुद्र्यातून, तो काळपटपणा जाणवतो. तो झाकायला आतून ब्लीच करावं लागतं, जास्त जाडी किंवा अपारदर्शक सिरॅमिक लागतं. चित्रात यातलं काहीच दिसत नाही. आम्ही पडद्यावर आकार ठरवतो आणि रंग शेड गाइडवर, खिडकीजवळच्या उजेडात.

अलीकडे एका फोटोवरून काही सेकंदांत नवं हसू दाखवणारी एआयची अ‍ॅप आली आहेत. ती मनातली इच्छा बोलून दाखवायला चांगली, नियोजनाला नाहीत. मूळ आणि नवा फोटो शेजारी ठेवून तीन गोष्टी तपासाव्यात: ओठांची कड बदलली आहे का, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतची रुंदी वाढली आहे का आणि हिरडीची रेष सरकली आहे का. बऱ्याचदा ओठही भरलेला असतो आणि त्वचाही उजळलेली असते. माणसाला आवडतं ते त्या सगळ्याचं मिळून, आणि दंतवैद्याच्या हातात त्यातले फक्त दात असतात.

डिझाइन दाखवताना फोटो आरशासारखा उलटवूनही दाखवावा. आपण स्वतःला रोज आरशात बघतो, त्यामुळे सरळ फोटोत आपलाच चेहरा थोडा परका वाटतो आणि तो परकेपणा नव्या दातांच्या माथी मारला जातो. शिवाय प्रत्येक बदलाशेजारी मिलिमीटर लिहिलेले असावेत आणि तो कशाने होणार हेही: व्हिनिअर, कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण), अलाइनर की हिरडीची शस्त्रक्रिया. हे लिहिलेलं नसेल तर विचारावं. या प्रश्नाचं उत्तर नसलेला प्रिव्ह्यू ही जाहिरात असते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आकार पसंत पडला की तो स्कॅनवर त्रिमितीत बसवतात, म्हणजे डिजिटल वॅक्स-अप. त्याचं मॉडेल सहसा ५० मायक्रॉनच्या थरांनी प्रिंट करतात आणि त्यावर सिलिकॉन पुट्टीचा साचा घेतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. प्रिंट नीट धुऊन, प्रकाशात पूर्ण पक्कं केलेलं नसेल तर त्यातलं कच्चं रेझिन सिलिकॉनला घट्ट होऊ देत नाही, साच्याची आतली बाजू चिकट राहते. आणि लेटेक्सचे हातमोजे घालून पुट्टी मळली तर त्यातलं गंधकही तेच करतं. नायट्राइलचे घालावेत. पुट्टीच्या आत पातळ सिलिकॉनचा एक हात दिला की दातांवरचे बारीक पोतही उतरतात. साच्याची कड हिरडीच्या कमानींप्रमाणे कापली की नंतर जादा माल काढायला सोपं जातं.

आता मॉक-अप, म्हणजे नव्या दातांचं तोंडातलं तात्पुरतं रूप. शिंपी कच्चा टाका घालून कपडा अंगावर चढवून बघतो, तसंच हे. साच्यात बिस-अ‍ॅक्रिल रेझिन, म्हणजे तात्पुरते दात करायचं प्लास्टिक, भरायचं, नळीचं टोक सतत मालात बुडवून, नाहीतर दाताच्या कडेवर नेमका बुडबुडा येतो. साचा न कापलेल्या दातांवर बसवून दाढांवर दाब द्यायचा. पुढून दाबला तर साचा वाकतो आणि दात ठरवल्यापेक्षा पातळ किंवा जाड येतात. उत्पादनाप्रमाणे दोन ते पाच मिनिटांत माल पक्का होतो. साचा काढल्यावर वरचा चिकट थर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचा आणि हिरडीवरची जादा किनार १२ नंबरच्या ब्लेडने काढायची. ही किनार राहिली तर दात हिरडीपाशी फुगीर दिसतात आणि माणूस ‘दात जाड वाटतात’ म्हणतो. दोष डिझाइनचा नसतो.

मॉक-अपची एक मर्यादा समजून घ्यावी: तो फक्त भर घालू शकतो. दात पुढे आलेला असेल, लांब असेल, तर कमी केलेलं रूप यात दिसत नाही. उलट त्या दातावर साचाच नीट बसत नाही. जेवढं कमी होणार तेवढा भाग काळ्या मार्करने रंगवून लांबून बघता येतो, एवढाच उपाय.

मॉक-अप लावल्याबरोबर हातात आरसा देऊ नये. आधी उभं करून, हातभर लांब, चेहरा अख्खा दिसेल अशा आरशासमोर न्यावं. हातातल्या आरशात माणूस एक-एक दात तपासतो, हसू बघतच नाही. मग पुन्हा तेच फोटो, तोच व्हिडिओ, तेच ‘विहीर’ आणि एकसष्ट ते एकोणसत्तर. ‘स’ला शिट्टी येत असेल तर कड किंवा आतली जाडी बदलायची. कड जास्त लांब असेल तर डिस्कने अर्धा मिलिमीटर कमी करून लगेच पुन्हा बोलायला लावायचं. दात कुठे टेकतात त्याची खूण उमटवणारा आर्टिक्युलेटिंग पेपर ठेवून जबडा पुढे आणि बाजूला सरकवून बघायचा. लांब केलेली कड सगळा भार एकटी घेत असेल तर मॉक-अप तिथेच तुटतो, आणि ती सूचना स्वस्तात मिळालेली असते. रात्री दात खाणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावं.

शक्य असेल तर मॉक-अप घालून घरी जावं, निदान दिवसभर. दात एकमेकांना जोडलेले असल्याने फ्लॉस जात नाही, कडक काही चावायचं नाही आणि तो निघाला तरी खाली काहीही कापलेलं नसल्याने नुकसान होत नाही. पहिल्या तासात दात मोठे वाटतातच, कारण ओठाला सवय नसते. संध्याकाळपर्यंत ते वाटणं गेलं तर माप बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही ओठ मिटायला त्रास होत असेल तर जाडी कमी करायची.

तोंडात जे बदल केले ते मूळ डिझाइनमध्ये नसतात, हे विसरलं जातं. म्हणून मंजूर झालेल्या मॉक-अपचा, तोंडात असतानाच, पुन्हा स्कॅन घ्यायचा आणि लॅबला तोच पाठवायचा. व्हिनिअरसाठी दात घासायचे तेही शक्यतो या मॉक-अपमधूनच, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटर खोलीच्या बरने, म्हणजे ड्रिलच्या टोकाने, खुणा पाडून. त्यामुळे जिथे भर पडणार आहे तिथलं एनॅमल जवळजवळ शाबूत राहतं. टेम्पररी दातही त्याच साच्यातून करायचे, म्हणजे खरे व्हिनिअर येईपर्यंत तेच रूप तोंडात राहतं आणि काही खटकलं तर लॅबला कळवायला वेळ मिळतो. अंतिम दात बसवल्यावर तुलनेचे फोटो त्याच दिवशी काढू नयेत. दात वाळलेले आणि हिरड्या दुखावलेल्या असतात. दोन-तीन आठवड्यांनी, त्याच अंतरावरून, त्याच लेन्सने, त्याच कोनातून काढावेत आणि प्रिव्ह्यूच्या शेजारी ठेवून मापं ताडून बघावीत.